मुलगा सहाव्यात, मुलगी पाचव्यात

"चमच्यानं खानारी पोरं असतील तर आना," पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, "छातीची पोरं मी घेत नाय. ती रडतान, न् त्यांच्यामागं बाकीची पन रडतान."

मी म्हटलं, "बाई, चारच महिने झालेत हो त्यांना."

"मंग खायला लागली का आना."

झालं. विषय संपला. नेरूळच्या त्या सेक्टरात तेव्हा पाळणाघर म्हणून एवढं एकच होतं, आणि ते बाईंचं. गावठाणाला लागून त्यांचं स्वतःचं तीन मजली घर. शेती गेली, शेतांवर आमच्या बिल्डिंगी आल्या, बाईंनी वरचे दोन मजले भाड्यानं दिले आणि खालच्या हॉलमध्ये पाळणाघर काढलं. आम्ही सगळ्या बाहेरून आलेल्या. कुणाची आई कोल्हापुरात, कुणाची सासू अकोल्याला. पोर ठेवायचं तर बाईंकडेच, आणि बाई एकदा नाही म्हणाल्या की वरच्या देवाकडे जायचं.

मला तर दोन ठेवायची होती. जुळी. एक मुलगा, एक मुलगी.

बेलापूरला सरकारी ऑफिसात मी लिपिक होते. बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली अर्जित रजा, तिला जोडलेली अर्धपगारी रजा, असं ठिगळाला ठिगळ लावत मी घरी बसले होते. आता ठिगळं संपली होती. पोरांना सहा महिने पुरे व्हायच्या आत मला हजर व्हायचं होतं. साहेबांनी निरोप धाडला होता की यापुढे रजेचा अर्ज नको, एकतर माणूस यावा नाहीतर राजीनामा यावा. शिवाय माझ्या टेबलावर एक नवीन मुलगी बसवली होती आणि ती फार छान काम करते असं मला तीन मैत्रिणींनी आपुलकीनं येऊन सांगितलं होतं. मैत्रिणी असाव्यात तर अशा!

आणि खरं सांगते, मला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. खिडकीजवळचं ते टेबल, अकराचा चहा, बायकांचा डबा, कुणीतरी आपल्याला आडनावानं हाक मारणं. घरात चार महिने मला "अगं ए" आणि "आता तिला घे" यापलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं. तेव्हा माझं गणित अगदी सरळ होतं. पोरं चमच्यानं खायला लागली पाहिजेत म्हणजे बाई घेतील, बाईंनी घेतली की मी ऑफिसात. त्यात अवघड काय आहे? भात शिजवायचा, कुस्करायचा, भरवायचा.

डोंबल माझं. घरात दोन आज्या होत्या.

जुळी होणार म्हटल्यावर माझी आई चिपळूणहून आली ती राहिलीच. आणि माझी आई राहिली म्हटल्यावर सासूबाई साताऱ्याकडून आल्या, त्या कशाला परत जातील? माझी रजा संपेपर्यंतच दोघी राहणार होत्या, पुढे दोघींना आपापली घरं होती. आमचं घर वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत दोन पाळणे, किचनमध्ये दोन विहिणी, आणि मी न् नवरा जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की मला धडकी भरायची. "विहीणबाई, तुम्ही बसा," "नाही हो विहीणबाई, तुम्ही बसा," असं करत दोघी उभ्याच.

मी संध्याकाळी घरी येऊन बाईंची अट सांगितली आणि म्हटलं, "उद्यापासून मऊ भात सुरू करू या."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "उष्टावन न करता?"

"ते करू की नंतर."

"नंतर?" हे मात्र माझी आई म्हणाली. "गो, मामानं पहिला घास घातल्याशिवाय पोरांच्या तोंडात अन्न? तुझ्या भावाला काय वाटेल?"

चार महिन्यांत पहिल्यांदा दोघी एका बाजूला झाल्या होत्या, आणि ती बाजू माझ्या विरुद्ध होती. तरी मी म्हटलं, बरं, बोलवू मामाला, करू उष्टावण, दोघांचं एकदम उरकून टाकू.

"एकदम कसं व्हईल?" सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं इषम महिन्यात करत्यात. पाचव्यात, सातव्यात. पोराचं सम. सहाव्यात न्हाय तर आठव्यात."

"तसंच असतं हो," आई म्हणाली.

पण तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की ही दोघं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. मुलगी आधी, मुलगा तिच्या पाठोपाठ, मधे नर्सनं हात धुतले तेवढाच काय तो वेळ. मुलीला विषम महिना लागणार तेव्हा मुलालाही विषमच लागणार. दोघींनी आपापल्या गावातली जुळी आठवून पाहिली. सासूबाईंच्या भावकीत दोन मुलगे होते. आईच्या वाडीत दोन मुली होत्या. अशी मिश्र जोडी कुणीच पाहिली नव्हती. सासूबाई माझ्याकडे जरा नाराजीनंच बघायला लागल्या. दोन झाली ते झाली, निदान दोन्ही एकसारखी तरी व्हायची, असं त्यांच्या मनात असावं.

मी म्हटलं, डॉक्टरला विचारू. शिकलेला माणूस आहे, तो सांगेल म्हणजे दोघींची तोंडं बंद होतील. डॉक्टर तरुण होता, सीबीडी-बेलापुरात दवाखाना नवाच थाटलेला. त्यानं दोघांना वजनकाट्यावर ठेवलं, छातीला नळी लावली आणि म्हणाला, "चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू करा. मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व. दोघांना एकदमच द्या."

मी विजयी मुद्रेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या डॉक्टरकडे पाहत होत्या.

"तुमाला पोरबाळ हाय का?"

"मुलगी आहे, आजी."

"कितव्यात उष्टावली?"

डॉक्टरनं पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं. "सातव्यात."

"का वो सातव्यात?"

"आई म्हणाली," डॉक्टर म्हणाला.

सासूबाई उठल्या. "चल गं," मला म्हणाल्या. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत त्या अगदी प्रसन्न होत्या, आणि उतरताना रिक्षावाल्यालाही त्यांनी विचारलं की तुझ्या पोरांचं कितव्यात केलं.

तोपर्यंत घरात दुसरीच पंचाईत उभी राहिली होती. मुलगा खादाड निघाला. मुलीला जगात कशाचंच पडलं नव्हतं, ती छताकडे बघत पडून राहायची. पण त्याला मात्र घास दिसला की तो पाळण्यातल्या पाळण्यात वळायचा. भाकरीचा तुकडा ताटातून तोंडाकडे गेला की याची मान त्याच्याबरोबर जायची. आपण चावायला लागलो की हाही हिरड्या हलवायचा. दुपटं चावून झालं, लाळेरं चावून झालं, एकदा सासूबाईंचा पदर असा काही चोखला की त्यांना लुगडं बदलावं लागलं. दोघी विहिणी जेवायला बसल्या की हा टकामका बघतोय, आणि त्यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये.

"पोराचा जीव अडकतो गं अन्नात," आई म्हणाली. डोळ्यांत पाणी.

"मग द्या की त्याला थोडा भात!"

"सम महिना लागू दे," दोघी एकदम म्हणाल्या.

शेवटी असं ठरलं की घरात जेवणं चालू असताना मुलाला बाहेर न्यायचं. हे काम नवऱ्याकडे. नवरा माझा गरीब माणूस, लेखा विभागात होता, आकड्यांत आनंदी असायचा, माणसांत गप्प. तो रोज रात्री ताटं मांडली की मुलाला कुंची घालून खांद्यावर टाकायचा आणि स्टेशनाकडे चालायला लागायचा. आमचं स्टेशन तेव्हा नवंकोरं, अवाढव्य आणि ओस. आमची जेवणं होऊन भांडी घासून झाली की बापलेक परत यायचे. मुलगा शांत झोपलेला असायचा. "हवा लागली की झोपतो," नवरा म्हणायचा. हवेला किती गुण असतो हे मला तेव्हा कळलं.

मामाचा प्रश्न उरला होता. माझा धाकटा भाऊ एसटीत ड्रायव्हर. शिमगा तोंडावर आलेला, कोकणात जादा गाड्या सुटायच्या, सगळ्यांच्या रजा बंद. त्याचा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन आला. म्हणाला, "ताई, शिमगा झाल्यावर एक दिवस देतायत. एकच. सकाळी येईन, दुपारी उष्टावण करीन, रात्रीच्या गाडीनं परत. हा दिवस गेला तर मग एकदम गणपती गेल्यावर."

मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. त्या दिवशी पोरांना पाच महिने पुरे होऊन वर आठवडा झालेला असणार होता. मी तारीख सांगितली आणि किचनमधून दोन आवाज आले.

"म्हणजे सहावा!" सासूबाई.

"म्हणजे पाचवा!" आई.

इथे मला जरा समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते समजायला एक दुपार लागली. सासूबाई महिना मोजायच्या तो लागलेला. पाच झाले, सहावा लागला, म्हणजे पोर सहाव्यात. आई मोजायची तो पुरा झालेला. पाच भरले, सहावा अजून भरायचाय, म्हणजे पोर पाचाचं. दोघींनी आपापली पोरं अशीच मोजून वाढवली होती आणि दोघींना दुसरी पद्धत म्हणजे शुद्ध अडाणीपणा वाटत होता.

सासूबाईंच्या हिशोबानं त्या दिवशी मुलाचं उष्टावण होऊ शकत होतं, पण मुलीचा पाचवा हुकलेला, तिला सातवा लागेपर्यंत थांबणं आलं. आईच्या हिशोबानं मुलीचं होऊ शकत होतं, पण मुलाला सहा भरेपर्यंत थांबणं आलं. कुणाचंही ऐकलं तरी एक पोर शिल्लक राहत होतं, आणि ते खायला लागायच्या आत माझी रजा संपत होती. बाई एक पोर घेणार, एक घेणार नाहीत. आता बोला! अर्धी मी ऑफिसात जाऊ?

घर दोघींनी डोक्यावर घेतलं. विहीणबाईंचं अहो-जाहो तसंच राहिलं, आवाज तेवढे चढले. "तुमच्याकडं लेकरू जन्मल्यावर म्हैनाभर शून्यातच ऱ्हातं व्हय, विहीणबाई?" "म्हणजे तुमच्याकडे पोर जन्मल्या जन्मल्याच एका महिन्याचं होतं, विहीणबाई?" खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी जिन्यात येऊन उभे राहिले. सोसायटीची तक्रार असेल म्हणून मी दार उघडलं, तर ते म्हणाले, "आमच्याकडे पुरा झालेलाच धरतात," आणि खाली गेले.

मी मात्र त्या दिवशी रडले. बाथरूममध्ये नळ सोडून, मनसोक्त. मला काही जहागीर नको होती. मला माझं टेबल हवं होतं, आणि त्याच्या आड दोन चमचे भात येत होता. बाहेर आले तेव्हा नवरा कॅलेंडरसमोर उभा होता. हातात मुलगा, खिशाला पेन.

"आई," तो आपल्या आईला म्हणाला, "तुझं बरोबर आहे."

सासूबाईंनी मान उंचावली.

"आणि तुमचंही बरोबर आहे," तो माझ्या आईला म्हणाला. "तर मुलाला आईच्या पद्धतीनं मोजू. तो सहाव्यात. मुलीला तुमच्या पद्धतीनं मोजू. ती पाचाची. तो सम, ती विषम. दिवस एकच."

किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली, गॅस कुणी बंद केला नाही. मला वाटलं, आता दोघी त्याला फाडून खाणार. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. त्यांचा नातू त्यांच्या हिशोबानं चालणार होता. आईनं मुलीला उचलून छातीशी धरलं. "माझ्या छकुलीला माझाच हिशोब," म्हणाली. लेखा विभागाचं असं रूप मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर त्या माणसाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो किती अस्थानी होता ते कळायला अजून वेळ होता.

पण एकदा ठरलं ते ठरलंच. त्या दिवसापासून आमच्या घरात मुलगा मुलीपेक्षा एका महिन्यानं मोठा झाला. सासूबाई संध्याकाळी खाली बाकावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "नातू सहाव्यात हाय. नात पाचव्यात." बायका ऐकायच्या, हसायच्या आणि मग दोन पावलं पुढे जाऊन थबकायच्या. माझ्याकडे वळून बघायच्या. मी दूध आणायला खाली गेले की बोलणी थांबायची. वॉचमनच्या बायकोनं तर मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "भाभी, दुसरीवाली किसकी है?" आणि पाळणाघरवाल्या बाईंनी सरळच विचारलं, "बाई, तुमची पोरं जुळी ना? मंग पोरगा म्हैनाभर मोठा कसा काय?"

"हिशोबाला मोठा आहे," मी म्हटलं.

"सरकारी नोकरीत चालतं वाटतं असं," बाई म्हणाल्या.

मामा आला. रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे तारवटलेले, हातात फणसाच्या पोळ्यांचं पुडकं. आल्या आल्या आंघोळ करून टोपी घालून पाटावर बसला. चांदीची वाटी, त्यात खीर, त्यात आईची सोन्याची अंगठी. मुलाला जरीची कुंची, मुलीला नवं झबलं. सासूबाई उजवीकडे, आई डावीकडे. बाईंची अट पुरी व्हायला आता फक्त दोन तोंडं उघडायची राहिली होती.

मुलगा आधी, तो मोठा ना! मामानं अंगठी खिरीत बुडवून त्याच्या जिभेला लावली. ज्या पोरानं सबंध महिना भाकरीकडे बघत काढला, त्यानं खीर तोंडात घोळवली, विचार केला आणि फुर्र करून मामाच्या शर्टावर उडवली. परत दिली, परत उडवली. मुलीला दिली, तर तिनं तोंडच उघडलं नाही. दोघी विहिणींचे चेहरे पडले. "महिना चुकला," एक म्हणाली. "कुणाचा?" दुसरीनं विचारलं.

मामा दमलेला होता. म्हणाला, "ताई, जरा चहा दे. घोटभर पिऊन परत बघतो." मी चहा दिला, बशीत ग्लुकोजची बिस्किटं दिली. त्यानं बिस्किट चहात बुडवलं, आणि माझा मुलगा सासूबाईंच्या मांडीवरून पुढे झेपावला. झेपावला म्हणजे त्यांना दोन्ही हातांनी धरावं लागलं. तोंड एवढं मोठं उघडलेलं. मामानं गमतीनं बुडवलेलं बिस्किट त्याच्या ओठांशी नेलं. त्यानं ते वरच्या आणि खालच्या हिरडीत धरलं, दाबलं, गिळलं, आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याचं नव्हतं.

सासूबाईंनी आईकडे पाहिलं. आईनं सासूबाईंकडे पाहिलं. दोघींच्या नजरेत संशय होता आणि दोघी निर्दोष होत्या. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी शपथ घ्यायला तोंड उघडणार, एवढ्यात मला नवरा दिसला. तो पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"स्टेशनावर टपरी आहे," तो पंख्याला म्हणाला. "तो असा बघायचा ना कपाकडे... रोज अर्धंच दिलं. फार तर एक."

"कधीपासून?" मी विचारलं.

"चौथ्यापासून." आणि परत पंख्यालाच, "आईच्या हिशोबानं पाचव्यापासून."

हवा लागली की झोपतो म्हणे! मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला. माझी आई पदरात तोंड घालून हसत होती. सासूबाई गंभीर होत्या, त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं आणि जाहीर केलं, "बिस्किट म्हंजे अन्न न्हवं. ते वाण्याकडचं. अन्न म्हंजे भात." म्हणजे उष्टावण ग्राह्य. मामानं खिरीचं एक बोट चहात बुडवून मुलाला चाटवलं. त्यानं ते गोड मानून घेतलं. भावाचं चाललेलं सगळं बघत असलेल्या मुलीनं जांभई दिली, तेवढ्या संधीत मामानं तिच्याही जिभेला खीर लावली. टाळ्या वाजल्या. मामा रात्रीच्या गाडीला गेला.

त्यानंतर घरात भात शिजला तो अखेर पोरांसाठी. मऊ भात, वरून वरणाचं पाणी, तुपाचा थेंब. मुलगा चार दिवसांत तयार झाला. मुलीनं मला रडवलं. चमचा दिसला की ती ओठ मिटायची, मान वळवायची आणि माझ्या छातीशी तोंड खुपसायची. तिला फक्त मी हवी होते. रजा संपायला आली तशी मी चिडायला लागले. "खा गं बाई, खा, किती पिशील माझं," असं मी तिला ओरडले, आणि आई म्हणाली, "तिच्यावर कशाला गो चिडतेस?" मी म्हटलं, "मग कुणावर चिडू?"

मी युक्त्या केल्या. छातीशी घ्यायच्या वेळा लांबवल्या, भूक कडकडून लागू दिली, पदराला घट्ट पिन लावून तिच्यासमोर बसले. भावाला भरवताना तिला बघू दिलं. शेवटी एका दुपारी तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे बघत बघत घास गिळला. पुढचाही गिळला. मी उठून नाचले. खरंच नाचले, एकटी, हातात वाटी घेऊन. आईनं दृष्ट काढली. सासूबाईंनी पहिल्यांदाच मला "शाणी माझी सून" म्हटलं.

बाईंकडे परीक्षा झाली. बाईंनी दोघांना समोर सतरंजीवर बसवलं, उशांना टेकवून, आणि एकाच वाटीतून एक घास याला, एक तिला असं सरळ भरवत गेल्या. वाटी रिकामी झाली. "खातान की," बाई म्हणाल्या. "सोमवारी आना." दोन्ही विहिणी आपापल्या गाडीनं गेल्या. जाताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि घर एवढं मोठं झालं की मला माझाच आवाज ऐकू यायला लागला.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसले. माझं टेबल मला परत मिळालं. नवीन मुलीनं ड्रॉवर नीट लावून ठेवला होता, बिचारी चांगली होती. सगळ्यांनी आडनावानं हाका मारल्या. अकराचा चहा आला. मी इतकी खूश होते की फायली उघडताना गुणगुणत होते. दुपारी डबा खायच्या आधी मी बाईंच्या घरी फोन लावला.

"खाल्लं दोगांनी," बाई म्हणाल्या. "वाटीभर खाल्लं. आता झोपलीत."

"रडली?"

"कशाला रडतान?"

"एकदाही नाही? मुलगी पण नाही?"

"नाय बा. पोरगी तर हसत व्हती. तुमी टेन्शन नका घेऊ."

मी फोन ठेवला. डबा घेऊन बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मजेत आहेत," आणि एक म्हणाली, "नशीबवान आहेस गं, माझा तर महिनाभर रडत होता." मला त्या पोराच्या आईचा हेवा वाटला. छाती भरून आली होती, दगड झाला होता नुसता, ब्लाउज ओला व्हायला लागला. मी पदर सावरून बाथरूममध्ये गेले, दाराला कडी लावली आणि बेसिनमध्ये दूध पिळून टाकलं. नळ सोडला, ते वाहून गेलं. मेल्यांनो, एकदा तरी रडायचं होतं. एकदा तरी शोधायचं होतं मला. मला एवढा राग आला होता त्या दोन एवढ्याशा जिवांचा, आणि त्यांनी तर मी शिकवलं होतं तेच केलं होतं.

ऑफिस सुटल्यावर मी पळतच गेले. मुलगा बाईंच्या नातवाच्या मांडीवर पेंगत होता. मुलगी जागी होती. मला बघून हसली. मी तिला उचललं, तिथेच भिंतीला टेकून बसले, पिन काढली आणि तिला पदराखाली घेतलं. तिनं तोंड लावलं, एकदा ओढलं, आणि मान वळवली. मी परत लावलं. तिनं परत मान वळवली आणि सतरंजीवरच्या खुळखुळ्याकडे हात केला.

"नका करू जबरदस्ती," बाई म्हणाल्या, "पोट भरलाय तिचा." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खाली बसल्या आणि मुलीला माझ्या हातातून अलगद घेतलं. "तुमी काय खाल्लंय का दुपारपासून? बसा. भात हाय, वाढते."